माळरान : चैत्र ते कार्तिक

[पहाट. सुप्याजवळचा माळ. दूरवर मेंढरांचा कळप.]

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग. सह्याद्रीचा पाऊस मागे राहतो आणि माळ सुरू होतो. सुपे, कडबनवाडी, पुढे थेट सोलापूरपर्यंत. सरकारी दप्तरात असल्या कितीतरी जमिनी 'पडीक' म्हणून लागलेल्या आहेत. एप्रिल-मे महिन्यात इथे येऊन पोटावर पालथं पडून पाहिलं, की ही नोंद किती खोटी आहे ते कळतं.

गवत वाळलेलं, मेंढरांनी खाल्लेलं, जमीन उघडी पडलेली. धाविक या पक्ष्याला नेमकं हेच हवं असतं. नारिंगी-तांबूस छाती, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी पट्टी, तिच्याखाली काळी. तुरुतुरु पळतो, एकदम थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळत सुटतो. उभ्याने फोटो काढला तर तो मातीत हरवतो. कॅमेरा जमिनीला टेकवून लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणली, की मागचा माळ धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो. मात्र उन्हं वर चढायच्या आत काम उरकावं लागतं. एकदा जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि लेन्स कितीही भारी असली तरी पिसांचा तपशील मिळत नाही.

[माळटिटवी. दुरून, गाडीच्या खिडकीतून.]

डोळ्यांपुढे पिवळी गलुली, म्हणजे कातडीचे लोंबते पदर, असलेली ही माळटिटवी. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये. बहुधा चार, निमुळती टोकं आतल्या बाजूला. भर दुपारी तिला अंड्यांना ऊब द्यायची नसते, सावली द्यायची असते. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पोटाने अंडी गार ठेवते. फोटोसाठी माणूस जवळ ठाण मांडून बसला तर ती परतत नाही. वैशाखाच्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार काळ तग धरत नाहीत. म्हणून या फिल्ममध्ये घरट्याचं जवळून घेतलेलं एकही दृश्य नाही. गाडीतून मिळालं तेवढंच घेतलं. घरट्यांचे फोटो स्पर्धांमध्ये स्वीकारूच नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

[वळवाचे ढग. बाभळीच्या शेंड्यावर चातक.]

मे संपता संपता वारं फिरतं आणि आफ्रिकेतून चातक येतो. काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर ऐटदार तुरा. कवितेतला चातक चोच वासून थेंबाची वाट पाहतो. माळावरचा चातक केसाळ सुरवंट खातो, आणि मादी सातभाईंच्या घरट्यावर नजर ठेवून असते. तिची अंडी त्या घरट्यात जातात. पुढे श्रावण-भाद्रपदात सातभाईंच्या मागे चोच वासून फिरणारं काळं-पांढरं पिल्लू दिसलं, तर ते हिचंच.

पावसात माळ हिरवागार होतो. चंडोल उंच चढून गातात, सुगरणी खोपे विणतात.

[आश्विन. गवत पिवळं पडू लागलेलं. तारेवर एक निळा पक्षी.]

हा आपला नेहमीचा नीलपंख नव्हे. आपल्याची छाती तांबूस-तपकिरी असते. याचं डोकं, गळा, छाती सगळी फिकट निळी. हा युरोपीय नीलपंख, आफ्रिकेच्या वाटेवर. पाऊस सरताना तो इथून जातो आणि थोड्याच दिवसांत दिसेनासा होतो. त्या दिवसांत तारेवरचा एकेक नीलपंख दुर्बिणीतून निरखून पाहावा.

मागोमाग भोवत्या येतात. माँटेग्यूचा आणि पांढुरका, अशा दोन जातींचे. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आलेले हे शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून गवताला घासत गेल्यासारखे उडतात, नाकतोडे टिपतात. रात्री ते झाडावर बसत नाहीत. उंच गवतात, जमिनीवर, थव्याने मुक्काम करतात. असल्या माळांवर खड्डे खणून ग्लिरिसिडियाची झाडं लावली जातात तेव्हा जीव तुटतो. हेतू चांगला असेल, पण भोवत्याला झाडं नकोत, गवत हवं.

[सोलापूरजवळचं नान्नज. रिकामा माळ.]

आणि माळढोक. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. पुढे ते १,२२२ वर आलं. पक्षी त्याहून वेगाने कमी झाले. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, बहुतेक राजस्थानात. नर १५ किलोपर्यंत भरतो. एवढ्या जड पक्ष्याला समोरची वीजवाहिनी वेळेत दिसत नाही, दिसली तरी वळता येत नाही. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते.

सोलापूरच्या माळावर फिरताना कधी दिसलाच, तर गाडीतून उतरू नका. फोटो काढा, पण आधी वनखात्याला कळवा आणि ठिकाण कुठेही टाकू नका.