रोखून धरलेली बातमी

श्रोतेहो, नमस्कार.

१६ डिसेंबर २००५ रोजी ‘द न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर जेम्स रायझन आणि एरिक लिक्टब्लाऊ या वार्ताहरांची एक बातमी प्रसिद्ध झाली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एनएसए या टेहळणी संस्थेला गुप्त आदेश दिला होता आणि त्या आदेशानुसार अमेरिकेतील लोकांचे परदेशांशी होणारे दूरध्वनी व ईमेल न्यायालयाच्या वॉरंटवाचून तपासले जात होते, असे त्या बातमीत म्हटले होते. देशभर खळबळ माजली. मात्र त्याच मजकुरात वृत्तपत्राने आणखी एक गोष्ट नमूद केली होती. सरकारच्या विनंतीवरून ही बातमी वर्षभर रोखून धरण्यात आली होती. मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या वर्षाविषयी.

गुप्त टेहळणीसाठी अमेरिकेत कायदेशीर वाट नव्हती, असे नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात युद्धविरोधकांवर आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांवर सरकारी यंत्रणांनी पाळत ठेवल्याचे १९७०च्या दशकात संसदीय चौकशीतून उघड झाले, आणि त्यानंतर १९७८ मध्ये खास कायदा करून एक न्यायालय नेमण्यात आले. हे न्यायालय बंद दाराआड बसते, मुख्यतः सरकारचीच बाजू ऐकते आणि सरकारचे अर्ज क्वचितच फेटाळते. तातडीच्या प्रसंगी आधी टेहळणी सुरू करून नंतर परवानगी मागण्याचीही सोय कायद्यात होती. एवढी मोकळीक असताना त्या न्यायालयालाच वगळले गेले, हा बातमीचा गाभा होता.

मग ती छापायला वर्ष का लागले? बातमी सेन्सॉरने अडवली नव्हती. व्हिएतनाम युद्धासंबंधीची संरक्षण खात्याची गुप्त कागदपत्रे छापण्यास बंदी करावी, ही निक्सन सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून १९७१ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळली होती. वृत्तपत्रांनी शासितांची सेवा करावी, शासकांची नव्हे, असे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी त्या वेळी लिहिले. तेव्हापासून छपाई रोखण्याचा हुकूम मिळवणे सरकारला फार अवघड झाले आणि विनंतीचे महत्त्व वाढले. ही बातमी छापली तर अतिरेक्यांना मदत होईल, शिवाय हा कार्यक्रम पूर्णपणे कायदेशीर आहे, असे अधिकाऱ्यांनी संपादकांना सांगितले. २००५च्या डिसेंबरात तर स्वतः अध्यक्षांनी प्रकाशक आणि कार्यकारी संपादक बिल केलर यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. दरम्यान नोव्हेंबर २००४ची अध्यक्षीय निवडणूक होऊन गेली होती. बातमीचा मसुदा त्या निवडणुकीपूर्वीच संपादकांच्या हाती होता, हे केलर यांनी पुढे मान्य केले. बातमी अखेर बाहेर पडली तेव्हा रायझन यांचे त्याच विषयाला स्पर्श करणारे पुस्तक प्रसिद्ध होण्याच्या बेतात होते.

संपादकांपुढचा पेच मी हलका मानत नाही. सैन्याच्या हालचाली, एखाद्या हेराचे नाव, उद्याच्या मोहिमेचे ठिकाण या गोष्टी कोणत्याही जबाबदार संपादकाने लपवाव्यातच. येथे लपवले गेले ते वेगळे होते. आपले दूरध्वनी ऐकले जात असतील, हे कटवाल्यांना ठाऊक असतेच. ते ऐकताना सरकार स्वतःच्या देशाचा कायदा पाळते की नाही, हे मतदारांना ठाऊक नव्हते. न्यू जर्सीतून पुण्याला आईवडिलांशी बोलणाऱ्या कुटुंबाचे संभाषणही परदेशी दूरध्वनीच असते. आपला रोख फक्त अल कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेल्यांवर आहे, असे सरकार म्हणत होते, पण तो संशय तपासून पाहणारा न्यायाधीशच मध्ये उरला नव्हता.

असेच इराकमधील अबू गरीब तुरुंगाच्या बाबतीत घडले. इराकी कैद्यांच्या छळाची छायाचित्रे सीबीएस वाहिनीकडे आली होती, आणि सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल रिचर्ड मायर्स यांच्या विनंतीवरून तिने ती दोन आठवडे दाखवली नाहीत. शोधपत्रकार सेमूर हर्श ‘न्यूयॉर्कर’ या नियतकालिकात हाच विषय लिहिणार असल्याचे कळल्यावर, २८ एप्रिल २००४ रोजी, ती पडद्यावर आली.

सरकारी गुप्ततेचा पहिला फटका विरोधकांना बसतो, आणि ही बाजू चर्चेत फार कमी येते. युद्धाला विरोध करणाऱ्याकडे पुरावा मागितला जातो, आणि पुरावा तर सरकारी कपाटात बंद असतो. मग त्याचे म्हणणे भाबडे किंवा देशविरोधी ठरवणे सोपे जाते. इराक युद्धापूर्वी हेच झाले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने पुढे, ऑगस्ट २००४ मध्ये, स्वतःच्याच वार्तांकनाची तपासणी छापली. युद्धापूर्वीच्या सुमारे सात महिन्यांत सरकारच्या इराकविरोधी भूमिकेला ठळक स्थान देणाऱ्या १४० हून अधिक बातम्या पहिल्या पानावर आल्या होत्या, असे त्यात दिसले. इराककडे संहारक शस्त्रे असल्याच्या सरकारी दाव्यावर शंका उपस्थित करणारी, त्याच वृत्तपत्राचे वार्ताहर वॉल्टर पिंकस यांची बातमी मात्र युद्धाच्या तोंडावर १७ व्या पानावर गेली होती. नाइट रिडर वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांशी बोलून सातत्याने वेगळे लिहीत होते. राजधानीत त्या समूहाचे स्वतःचे वृत्तपत्र नसल्यामुळे त्यांचे लेखन निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेस फारसे पडले नाही. एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीने फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम फेब्रुवारी २००३ मध्ये बंद केला. युद्धविरोधी पाहुण्यांना बोलावणारा हा सूत्रसंचालक युद्धकाळात वाहिनीचा अडचणीचा चेहरा ठरेल, अशी भीती वाहिनीच्या अंतर्गत टिपणात व्यक्त झाली होती.

टेहळणीची बातमी येण्याच्या दोन-तीन दिवस आधी एनबीसी वाहिनीने संरक्षण खात्याच्या एका गुप्त नोंदसंग्रहाची माहिती दिली. फ्लोरिडातील लेक वर्थ येथे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथीयांच्या प्रार्थनागृहात जमलेल्या काही युद्धविरोधकांची बैठक त्या संग्रहात धोका म्हणून नोंदवलेली होती. शाळांमधील लष्करी भरतीला विरोध कसा करावा, याचा विचार करण्यासाठी ती माणसे जमली होती. हा संग्रह २००७ मध्ये बंद करण्यात आला, आणि तो बंद होण्याचे मोठे श्रेय मी एनबीसीच्या बातमीला देतो.

टेहळणीच्या बातमीसाठी रायझन आणि लिक्टब्लाऊ यांना २००६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. जुलै २००८ मध्ये संसदेने कायदा करून, टेहळणीत सरकारला साहाय्य करणाऱ्या दूरध्वनी कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले. वॉशिंग्टनमधील एका सार्वजनिक दूरध्वनीवरून ‘टाइम्स’ला या कार्यक्रमाची पहिली कुणकुण देणारे न्याय खात्यातील वकील थॉमस टॅम यांना असे कोणतेही संरक्षण मिळाले नाही. २००७ मध्ये एफबीआयने त्यांच्या घराची झडती घेतली, आणि आपल्यावर खटला भरला जाणार नाही हे कळण्यासाठी त्यांना २०११ पर्यंत थांबावे लागले.