अणूचा शेजार

पडद्यावर डावीकडे क्वार्ट्झचा स्फटिक आहे आणि उजवीकडे खिडकीच्या काचेचा तुकडा. दोन्ही पारदर्शक, दोन्ही कडक, आणि दोन्हींत बहुसंख्य अणू सिलिकॉन व ऑक्सिजन यांचेच. तरीही क्ष-किरणांचा झोत टाकताच दोघांतला फरक उघड होतो. क्वार्ट्झचे अणू नियमित रांगांत बसलेले असल्यामुळे विवर्तनाच्या, म्हणजे अणूंवरून विखुरलेल्या किरणांच्या, आलेखात टोकदार रेषा उमटतात, तर काचेच्या आलेखात एक पसरट टेकडी तेवढी दिसते. तिच्यावरून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातले अंतर सुमारे १.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आहे, हे काढता येते. ते अंतर क्वार्ट्झमध्येही जवळपास तेवढेच असते. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, असे चतुष्फलक दोन्हीकडे सारखेच. काचेत त्यांच्या जोडणीचा क्रम हरवलेला असतो, ही कल्पना विल्यम झकारियासन यांनी १९३२ साली मांडली. पण सोडियम मिसळल्यावर ही जोडणी नेमकी किती ठिकाणी तुटते, या प्रश्नावर ती टेकडी फारसे काही सांगत नाही. तिथे विचारावे लागते ते एकेका अणूलाच, आणि वर्णपटमापनाच्या पद्धती नेमके तेच करतात.

त्यांपैकी एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांनी दिलेला संकेत टिपणारी पद्धत, सिलिकॉनच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट बोलते. अर्थात, सगळे सिलिकॉन अणू तिला प्रतिसाद देत नाहीत. निसर्गातील सिलिकॉनपैकी सुमारे ४.७ टक्केच अणू सिलिकॉन-२९ या समस्थानिकाचे असतात आणि चुंबकीय क्षेत्रात संकेत देतात तेवढेच. शिवाय घन पदार्थात प्रत्येक कण चुंबकीय क्षेत्राशी वेगळ्या कोनात असल्यामुळे संकेत पसरून फिका पडतो. यावरचा उपाय १९५०च्या दशकाच्या अखेरीस सापडला: नमुना क्षेत्राशी ५४.७४ अंशांचा कोन करून वेगाने फिरवायचा. या कोनाला संशोधक आजही ‘जादुई कोन’ म्हणतात, आणि एकदा रेषा बारीक होताना पाहिली की हे नाव अतिशयोक्त वाटत नाही.

ही पांढरी नळी झिर्कोनियाची असून तिचा बाहेरचा व्यास ४ मिलिमीटर आहे. काचेची बारीक पूड तिच्यात ठासून भरली जाते आणि टोपण दाबून बसवले जाते, कारण भरणी एका बाजूला जड झाली तर नळी डळमळते. मग हवेच्या झोतावर ती सेकंदाला १५,००० फेरे घेऊ लागते. त्या वेळी तिच्या पृष्ठभागाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक असतो. सिलिकॉनचे अणुकेंद्र सावकाश पूर्वस्थितीला येत असल्याने एका नमुन्यासाठी कधी रात्रभर, तर कधी काही दिवसही थांबावे लागते. म्हणून काच वितळवतानाच तिच्यात किंचित कोबाल्ट ऑक्साइड घालण्याची युक्ती रूढ आहे. मिळालेल्या आलेखात, चारही ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनशी जोडलेले असतील तर शिखर उणे ११० पीपीएमच्या (संदर्भ संकेतापासूनचे अंतर, दशलक्षांश भागांत) आसपास येते, आणि सोडियममुळे एक दुवा तुटला की ते उणे ९० च्या जवळ सरकते. शिखरांखालचे क्षेत्रफळ मोजले की अशा अणूंचे प्रमाण थेट हाती येते.

दुसरी पद्धत रामन वर्णपटाची: लेसरचा प्रकाश नमुन्यावरून विखुरताना अणूंच्या कंपनांमुळे त्यात होणारा बदल ती टिपते. हा वर्णपट काही मिनिटांत मिळतो. शुद्ध सिलिका काचेच्या रुंद पट्ट्यांमध्ये ४९० आणि ६०६ प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन अरुंद रेषा दिसतात, आणि त्या अनुक्रमे चार व तीन चतुष्फलकांच्या लहान वलयांच्या मानल्या जातात. मात्र रेषेच्या उंचीवरून वलयांची संख्या काढताना सावध राहावे लागते.

विरळ मूलद्रव्यांसाठी क्ष-किरण शोषणाकडे वळावे लागते. किरणांची ऊर्जा वाढवत नेली की प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या ठरलेल्या ऊर्जेला एकदम शोषण करते. लोहासाठी ही कडा ७,११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला येते. कडेपलीकडे आलेखात मंद तरंग उठतात, कारण अणूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनची लाट शेजारच्या अणूंवर आपटून परतते आणि मूळ लाटेत मिसळते. या तरंगांच्या फूरिये रूपांतरातून, म्हणजे त्यांतल्या वेगवेगळ्या लहरी गणिताने सुट्या करून, शेजाऱ्यांची अंतरे काढता येतात, हे सेयर्स, स्टर्न आणि लिटल यांनी १९७१ साली दाखवले. अंतर एका अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागापर्यंत विश्वासार्ह असते. शेजाऱ्यांच्या मोजणीत मात्र दहा-वीस टक्क्यांची चूक राहू शकते.

अणुकचरा बंदिस्त करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट काचेत थोडे झिर्कोनियम असते. झिरकॉन या खनिजात त्याच्याभोवती आठ ऑक्सिजन असतात, तर बॅडेलाइटमध्ये सात. काचेतल्या झिर्कोनियमचे तरंग तपासले, तेव्हा त्याच्याभोवती सहाच ऑक्सिजन आढळले.