अंतराचा हिशेब

चालकासमोरच्या मीटरवर दिसणारा एकूण अंतराचा आकडा प्रत्येक मोटारीत असतो, पण गाडी विकायची वेळ येईपर्यंत त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. गाडीने आजवर किती अंतर कापले, एवढेच तो सांगतो. रस्त्याची झीज आणि अपघाताची शक्यता या दोन्ही गोष्टी याच अंतराबरोबर वाढत जातात. आपण मात्र रस्त्याचे पैसे इंधनावर मोजत आलो आहोत आणि विम्याचे पैसे वर्षावर.

इंधनावर कर बसवण्याची कल्पना तिच्या काळी अतिशय शहाणपणाची होती. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९१९ साली पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवला आणि असा कर घेणारे ते तेथील पहिले राज्य ठरले. जो जास्त फिरेल तो जास्त इंधन जाळेल आणि जास्त कर भरेल, हे गणित तेव्हा बरोबर जुळत होते. शिवाय हा कर मोजक्या घाऊक विक्रेत्यांकडूनच गोळा होत असल्यामुळे वसुलीचा खर्चही नगण्य होता. पुढे इंजिने कमी इंधनात जास्त पळू लागली आणि आता तर विजेवरची मोटार पंपावर थांबतच नाही, तेव्हा ते गणित विसकटले. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोल कर गॅलनमागे १८.४ सेंट आहे. त्यात शेवटची वाढ १९९३ साली झाली. महागाईने त्या सेंटांची किंमत पोखरली आणि २००८ पासून तेथील महामार्ग निधीला सरकारी तिजोरीतून पुन्हा पुन्हा भर घालावी लागली आहे.

ज्या ऑरेगनने ही वाट दाखवली, त्यानेच २०१५ साली दुसरी वाट धरली. स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्या वाहनमालकांकडून तेथे मैलामागे दीड सेंट आकारण्यास सुरुवात झाली आणि पंपावर भरलेला कर त्यांच्या बिलातून वजा होऊ लागला. न्यूझीलंडचा अनुभव तर याहून कितीतरी जुना आहे. तेथे डिझेलचा मोठा वाटा शेतातल्या यंत्रांना आणि बोटींना लागतो. पंपावरच कर घेतला असता, तर रस्त्यावर कधी न येणाऱ्यांना तो परत करत बसावे लागले असते. म्हणून १९७० च्या दशकापासून डिझेल वाहनांचे मालक १,००० किलोमीटरच्या पटीत अंतर आगाऊ विकत घेतात आणि जड वाहनांच्या चाकाच्या तुंब्यावर अंतर मोजणारे यंत्र बसवलेले असते. १ एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या मोटारीही याच व्यवस्थेत आल्या असून त्यांना १,००० किलोमीटरसाठी ७६ न्यूझीलंड डॉलर पडतात.

अंतराच्या जोडीला वजन मोजले नाही, तर मात्र हा हिशेब अपुराच राहतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक महिनोन्‌महिने फिरवण्यात आले. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळा पट होते, हा ढोबळ नियम त्या चाचण्यांतून हाती आला. लहान मोटार आणि भरलेला ट्रक यांना एकच दर लावणे त्यामुळे उघड अन्यायाचे ठरेल. न्यूझीलंडचे दर वजनाप्रमाणे आणि आसांच्या संख्येप्रमाणे बदलतात, ते याचसाठी.

विम्याकडे वळले की हीच विसंगती अधिक बोचते. उभी असलेली मोटार कुणाला धडकत नाही, तरीही आठवड्यातून एकदा बाहेर पडणारी वृद्ध व्यक्ती आणि रोज शंभर किलोमीटर धावणारा नोकरदार यांचे हप्ते बऱ्याचदा जवळपास सारखेच असतात. कमी फिरणारा जास्त फिरणाऱ्याच्या जोखमीचा काही भार असा नकळत उचलत राहतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६८ सालीच या दोषावर बोट ठेवले होते. त्यांना पुढे १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चालकाचे वय, त्याचा पूर्वेतिहास आणि गाडीचा प्रकार यांवरून ठरणारा दर तसाच ठेवून तो वर्षाऐवजी किलोमीटरला लावला, तरी हप्ता जोखमीच्या कितीतरी जवळ येतो. वाचवलेल्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे खिशात राहू लागले की अनावश्यक फेरी टाळण्याचे कारणही माणसाला आपोआप मिळते.

या व्यवस्थेवरचा सर्वात गंभीर आक्षेप पाळतीचा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. कोण कुठे, केव्हा गेले याची नोंद सरकारकडे किंवा विमा कंपनीकडे साचत जाणे कुठल्याही नागरिकाला खटकलेच पाहिजे. परंतु अंतर मोजण्यासाठी ठिकाण कळण्याची गरज नसते. आइसलँडने २०२४ च्या आरंभी विजेवरच्या मोटारींना किलोमीटरमागे ६ क्रोना शुल्क लावले, तेव्हा मालकांनी स्वतः नोंदवलेला मीटरचा आकडा त्याला आधार म्हणून पुरला. ऑरेगननेही उपग्रहाशी न जोडलेल्या यंत्राचा पर्याय खुला ठेवला. मीटरमध्ये फेरफार होऊ शकतो, हे खरे. पण वाहनाच्या ठरावीक तपासणीत आणि विक्रीच्या वेळी तो आकडा पुन्हा पाहिला जातो आणि मागच्या नोंदीशी ताडून बघता येतो.