पाटकऱ्याचा वाटा

(शोधनिबंधात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा संदर्भ देण्याविषयी धुळ्यात संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जेवणानंतरचं हे पहिलंच सत्र आहे, त्यामुळे व्याख्या वगैरे बाजूला ठेवते आणि केळीच्या पानापासून सुरुवात करते.

आमच्या रावेर-यावल भागात पावसाळी हवेत केळीवर करपा येतो, सिगाटोका म्हणतात तो. आधी पानावर पिवळसर रेघा दिसतात, मग तपकिरी डाग पडतात, मग डाग एकमेकांत मिसळतात आणि पान वाळत जातं. कोणत्या फवारणीनं करपा किती आटोक्यात येतो, हे माझी एक विद्यार्थिनी मोजत होती. पानाचे तुकडे कापायचे, स्कॅनरवर पालथे घालायचे आणि पानाच्या एकूण क्षेत्रापैकी किती टक्के क्षेत्र डागांनी खाल्लं, ते 'इमेजजे' या सॉफ्टवेअरमध्ये काढायचं. काम तिनं मन लावून केलं. निबंधाचा मसुदा आणला, त्यात बुरशीनाशकाचं नाव होतं, कंपनी होती, मात्रा होती. स्कॅनरचं मॉडेलसुद्धा होतं. पुढे एवढंच वाक्य: "डागांचे क्षेत्र इमेज विश्लेषण सॉफ्टवेअरने मोजले."

मी विचारलं, "अगं, कोणतं सॉफ्टवेअर? नाव का नाही लिहिलंस?"

ती पटकन म्हणाली, "मॅडम, ते तर फुकट शे!"

तिला मी दोष देत नाही. विकत आणलेल्या वस्तूचं बिल फायलीत राहतं, खरेदी समितीची सही असते, म्हणून तिचं नाव लिहायला आपण विसरत नाही. फुकट उतरवून घेतलेल्या वस्तूचा कागद कुठेच नसतो. आणि कागद नसला की नावही गळतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ज्या गावात देह ठेवला, तिथे उभं राहून हे मला बोलावंसं वाटतं. कागद कोणाच्या दप्तरातून मिळाला हे सांगितल्याशिवाय इतिहासाचा अभ्यासक एक वाक्य पुढे सरकत नाही. आपण विज्ञानवाले मात्र आकडा कोणत्या हत्यारातून निघाला, ते सांगायचं टाळतो.

त्या पानाकडे परत येते. डाग कुठे संपला आणि निरोगी पान कुठे सुरू झालं, हे त्या मोजणीत ठरवतं कोण? ते सॉफ्टवेअर ठरवतं. रंगछटांमध्ये ते एक सीमारेषा आखतं, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. इमेजजेमध्ये ही रेषा आपोआप आखायच्या पंधराहून जास्त पद्धती आहेत: ओत्सू, ट्रँगल, येन, अशा कितीतरी. मी त्या मुलीला शेजारी बसवलं आणि एकाच तुकड्यावर दोन पद्धती चालवून दाखवल्या. पहिलीनं फक्त तपकिरी डाग धरला. दुसरीनं डागाभोवतीची पिवळी कडाही रोगात मोजली. पान तेच, स्कॅन तोच, आणि टक्केवारी वेगळी. आता सांगा, "इमेज विश्लेषण सॉफ्टवेअरने मोजले" या वाक्यावरून अकोल्याचा किंवा कोइमतूरचा संशोधक तिचा प्रयोग पुन्हा कसा करणार?

आणि त्या सॉफ्टवेअरमागे माणूस आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी 1987 च्या सुमारास 'एनआयएच इमेज' लिहायला घेतलं आणि त्यातूनच 1997 मध्ये इमेजजे आलं. त्या 25 वर्षांच्या कामावर 2012 साली 'नेचर मेथड्स'मध्ये लेख आला, श्नायडर, रासबँड आणि एलिसेरी या तिघांचा. इमेजजे वापरलं, तर साधारणपणे हाच लेख संदर्भसूचीत द्यायचा असतो. एका ओळीचं काम.

ज्याला आपण फुकट म्हणतो ते बेवारस नसतं, हे तुम्हा धुळ्याच्या लोकांना मी काय सांगायचं! पांझरेवरची फड बागायत तुमच्या पूर्वजांनी चालवली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचं शिवार फडांमध्ये वाटलेलं, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. पण म्हणून ते आपोआप वाफ्यात येत नव्हतं. पाटकरी रात्री-अपरात्री उठून दारं धरायचा, जागल्या पाट राखायचा, गाळ काढायला सगळे जमायचे. पीक निघालं की पाटकऱ्याचा वाटा खळ्यावरच धान्यात काढून ठेवायचे. तो भीक नव्हती, बक्षीसही नव्हतं. तो हिशेबातला वाटा होता.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं अगदी असंच आहे. ते वापरा, त्याच्या प्रती काढा, त्यात बदल करा, दुसऱ्याला द्या, एवढी मुभा परवाना देतो. शोधनिबंधात नाव छापा, अशी अट बहुतेक परवान्यांमध्ये नसते. कायदा तुम्हाला पकडणार नाही. पण ते सांभाळणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपल्यासारखेच विद्यापीठांत आहेत. त्यांची बढती, त्यांचं अनुदान, त्यांच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, सगळं कोणी किती वेळा संदर्भ दिला या मोजणीवर अडतं. आपण खळ्यावरून सगळं धान्य घरी नेतो आणि पाटकऱ्याला विसरतो.

जॉन हंटर यांचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. दोनच. बरं, पायथनमध्ये 'मॅटप्लॉटलिब' वापरून आलेख किती जणांनी काढलेत? बघा, अर्धं सभागृह. हे हंटर मेंदूविज्ञानाचे संशोधक. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत नोंदी बघायला त्यांना साधन हवं होतं, ते त्यांनी स्वतःच लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यावरचा त्यांचा लेख 2007 सालचा. 2012 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, कर्करोगाच्या उपचारांतल्या गुंतागुंतीत ते गेले. मॅटप्लॉटलिबची मंडळी आजही वापरणाऱ्यांना विनंती करतात की संदर्भ त्याच लेखाचा द्या. प्रबंधात आलेख छापताना ही ओळ लिहायला मला स्वतःला फार बरं वाटतं.

आता आवृत्तीविषयी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे मी स्वतः ठेचाळले आहे.

आमच्याकडे एका चाचणीत प्लॉटची मांडणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक करायची होती. ती आम्ही 'आर' या संख्याशास्त्राच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये केली. 'सेट सीड' देऊन एक आकडा ठरवून दिला, म्हणजे तोच आकडा पुन्हा दिला की तीच मांडणी पुन्हा मिळावी. आकडा वहीत लिहिला. 'आर'ची आवृत्ती लिहिली नाही. दोन वर्षांनी परीक्षकांनी मांडणी पुन्हा काढून दाखवायला सांगितली, तोवर प्रयोगशाळेतला संगणक बदलला होता. तोच आकडा दिला, तीच आज्ञा दिली, आणि मांडणी निघाली वेगळीच! शेतातल्या पाट्या एक सांगतायत, संगणक दुसरंच सांगतोय. आठ दिवस आम्ही वह्या चाळल्या. मला वाटलं, मुलानं आकडाच चुकीचा उतरवला. त्याला बोललेसुद्धा, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक त्याची नव्हतीच. एप्रिल 2019 मध्ये 'आर'ची 3.6.0 ही आवृत्ती आली, तिच्यात नमुना निवडायची अंतर्गत पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत मोठ्या समूहातून निवड करताना किंचित असमानता राहत होती, ती त्यांनी दुरुस्त केली. बदल चांगलाच होता, आणि त्यांनी तो जाहीरही केला होता. आमच्या वहीत "आर 3.5" एवढं जरी लिहिलेलं असतं, तरी काम एका ओळीत झालं असतं. 'आरएनजी व्हर्शन' नावाची आज्ञा आहे, तिला जुनी आवृत्ती सांगितली की 'आर' जुन्या पद्धतीनं चिठ्ठ्या काढतं. शेवटी आम्ही तेच केलं आणि पाट्यांशी मांडणी जुळली. मुलाची मी क्षमा मागितली.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'आर'च्या 4.0.0 या आवृत्तीत तक्ता वाचताना अक्षरांच्या रकान्यांचं काय करायचं, याची मूळ रीत बदलली. ज्यांच्या जुन्या आज्ञावल्या तेव्हा अडल्या, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

तेव्हा संदर्भ द्यायचा तो कसा? 'आर' उघडा, सायटेशन हा शब्द टाइप करा, पुढे रिकामा कंस, एंटर. संदर्भ तयार होऊन समोर येतो: 'आर' कोअर टीम, साल, शीर्षक, आर फाउंडेशन, व्हिएन्ना. एक लक्षात ठेवा, या ओळीत साल असतं पण आवृत्तीचा क्रमांक नसतो. तो 'आर' सुरू होताना पहिल्या ओळीत दिसतो, तिथून आपण उतरवायचा. मग कंसात अवतरण चिन्हं देऊन पॅकेजचं, म्हणजे 'आर'ला जोडायच्या तयार आज्ञांच्या संचाचं, नाव लिहा, त्या पॅकेजचा संदर्भ मिळेल. आपल्याकडे कृषीचे विद्यार्थी 'अॅग्रिकोली' वापरतात, डंकन चाचणी, एलएसडी वगैरे सरासऱ्यांची तुलना करायच्या चाचण्यांसाठी. ते लिहिलं फेलिपे दे मेंडिबुरू यांनी, पेरू देशात, लिमाजवळच्या ला मोलिना कृषी विद्यापीठात. तुमच्या कपाशीच्या सरासऱ्यांपुढे जी अ, ब, अब अक्षरं छापून येतात, ती त्या माणसाच्या कामातून येतात. "विश्लेषण आरमध्ये केले" एवढ्यावर थांबलात, तर त्यांचं नाव कुठेच राहत नाही.

मला नेहमी विचारतात, मग काय वर्ड आणि ब्राउझरचाही संदर्भ द्यायचा? नाही हो. स्वतःला एकच प्रश्न विचारा: याच्या जागी दुसरं काही वापरलं असतं, तर माझा आकडा बदलू शकला असता का? उत्तर हो असेल तर संदर्भ द्या. पॅकेजच्या आत पॅकेज, त्याच्या आत आणखी, अशी साखळी असते. ती सगळी सूचीत कोंबू नका. जे तुम्ही स्वतः बोलावलं त्याचा संदर्भ द्या, बाकीच्यासाठी 'सेशन इन्फो' ही आज्ञा द्या, 'आर' वापरातल्या पॅकेजांची आवृत्त्यांसह यादी दाखवतं, ते पान परिशिष्टात जोडा.

आणि संदर्भाची जागा सूचीत आहे, ऋणनिर्देशात नाही. ऋणनिर्देशात नाव लिहिणं प्रेमाचं आहे, पण संदर्भ मोजणाऱ्या यंत्रणा ते वाचत नाहीत. हॉविसन आणि बुलार्ड यांनी जीवशास्त्राचे 90 शोधनिबंध तपासले होते, त्यांचा लेख 2016 सालचा. सॉफ्टवेअरच्या एकूण उल्लेखांपैकी रीतसर संदर्भ होते 31 ते 43 टक्के. बाकीचे मजकुरात कुठेतरी, जमेल तसे.

रीतसर दिले तर काय घडतं, याचं एक उदाहरण स्फटिकशास्त्रातलं. जॉर्ज शेल्ड्रिक यांचं 'शेलएक्स' हे स्फटिकांची रचना काढायचं सॉफ्टवेअर जगभरचे रसायनशास्त्रज्ञ अनेक वर्षं वापरत होते. 2008 साली त्यांनी त्याचा इतिहास सांगणारा एक लेख लिहिला आणि त्यातच सांगितलं की हे सॉफ्टवेअर वापरलंत तर या लेखाचा संदर्भ द्या. लोकांनी दिला. एवढा दिला की 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका' विभाग 'ए' या पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे तिच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले तो आकडा, 2 च्या आसपास होता, तो 2009 साठी 49 च्या वर गेला. त्या वर्षी स्फटिकशास्त्र काही पंचवीसपट सुधारलं नव्हतं. वापर आधीपासूनच होता, फक्त तो पहिल्यांदा कागदावर दिसला.

मला एका पत्रिकेच्या संपादकांनी एकदा कळवलं होतं की सॉफ्टवेअरच्या नोंदी काढा, संदर्भ फार झाले. मी दोन पानी पत्र लिहिलं, 2016 साली 'पीअरजे कॉम्प्युटर सायन्स'मध्ये आलेली सॉफ्टवेअर-संदर्भाची तत्त्वं जोडली. त्यातलं पहिलंच तत्त्व असं, की सॉफ्टवेअरचा संदर्भ निबंधाच्या संदर्भाइतकाच महत्त्वाचा धरावा. नोंदी राहिल्या. तुम्हालाही असं पत्र लिहावं लागलं तर लिहा, घाबरू नका. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याच्या पाठीशी उभं राहायला हवं, हे मी इथल्या सहकाऱ्यांना हात जोडून सांगते.

शेवटी तुमच्या स्वतःच्या आज्ञावलीबद्दल. नंदुरबार-शहाद्याकडची मुलं पपईवर, मिरचीवर काम करताना पन्नास-शंभर ओळींचा कोड लिहितात आणि पीएचडी झाली की तो पेनड्राइव्हमध्ये मरतो. असं करू नका. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा, सोबत संदर्भाची माहिती देणारी सीएफएफ फाइल ठेवा. 2021 पासून गिटहब ती वाचून संदर्भ कसा द्यायचा ते दाखवतं. पण गिटहबचा दुवा म्हणजे कायमचा पत्ता नव्हे, खातं बंद झालं की तो गेला. म्हणून ते 'झेनोडो'ला जोडा. झेनोडो 2013 पासून सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत चालतं, पैसे लागत नाहीत, आणि तुम्ही जाहीर केलेल्या प्रत्येक आवृत्तीची प्रत ठेवून तिला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, देतं. एक डीओआय सगळ्या आवृत्त्यांचा मिळून, आणि दर आवृत्तीचा वेगळा. निबंधात वेगळा तो द्या.

केळीच्या पानांवर काम करणाऱ्या त्या मुलीनं तिची मोजणीची आज्ञावली अशीच ठेवली आहे, थ्रेशोल्डची पद्धत नावानिशी लिहून.

आता लॅपटॉप उघडा. मसुद्यातला पद्धतींचा भाग काढा आणि जिथे जिथे "सॉफ्टवेअर" शब्द आला असेल, तिथे बोट ठेवा. मी एकेका टेबलाशी येते.