आजच्या प्रयोगात ही भूमिका…

तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले. शेजारच्यानं मोबाइल बंद केला, म्हणजे निदान खिशात तरी टाकला. आणि स्पीकरवरून आवाज आला, "आजच्या प्रयोगात प्रमुख भूमिका…" पुढचं नाव कुणालाच ऐकू आलं नाही. कारण तोपर्यंत अख्ख्या प्रेक्षागृहातून एकच सूर निघाला होता. "अरेऽरे!"

त्यात माझाही आवाज होता, आधीच कबूल करते.

पण एक विसरू नका. पडदा शेवटी कापडाचाच असतो. त्याच्या पलीकडे ती बदली नटी पहिल्या वाक्यासाठी श्वास भरून उभी होती, आणि तो "अरेरे" तिनं ऐकला नसेल असं होऊच शकत नाही.

तर आज बोलूया त्या "अरेरे"बद्दल. प्रेक्षकांना झापायला मी बसलेली नाही. महिनाभर आधी तिकीट काढलंय, सुट्टी टाकलीय, पोरांना कुणाकडे तरी ठेवलंय, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच नाही. वाईट वाटणारच. प्रश्न एवढाच आहे की आपण तिकीट कशाचं काढलं होतं? नाटकाचं की माणसाचं?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, याचं फार व्यवहारी उत्तर आहे. जाहिरातीत कलाकाराचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलं असेल आणि तो आला नाही, तर पैसे परत मागा किंवा तिकीट बदलून घ्या. नाव खाली असेल तर तुम्ही नाटकाचं तिकीट काढलंय, बसा आणि बघा. शिवाय बदल झाला की तो प्रेक्षकांपासून लपवायचा नाही. कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी घाला, बाहेर फलक लावा किंवा घोषणा करा. मला हे आवडतं. राग येतो तो अंधारात ठेवल्याचा जास्त, हे तिथल्या लोकांनी नीट ओळखलंय.

आता आतल्या बाजूला जाऊ. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग. म्हणजे काही दिवशी दोन. खेळाडूही पळतो, उड्या मारतो, पण त्याचा प्रत्येक सामना वेगळा असतो. नर्तकीला तीच उडी, त्याच पायावर, त्याच क्षणी मारायची असते. आठवड्यातून आठ वेळा, महिनोन्‌महिने. उजवा घोटा झिजतो, डावा मजेत असतो. त्यात रंगमंच उतरता असेल, म्हणजे मागे उंच आणि प्रेक्षकांकडे सखल, तर तुम्हाला छान दिसतं. पण वर नाचणाऱ्याच्या पोटऱ्या, गुडघे आणि कंबर सबंध वेळ तो उतार सांभाळत असतात. डोक्यावर जड टोप, पायात टाचेचे बूट. आणि विंगेत काळोख, त्यात धावत जाऊन तीस सेकंदांत कपडे बदलायचे.

पाय प्लास्टरमध्ये असला की सहानुभूती तरी मिळते. गळ्याला तीही मिळत नाही. गाताना स्वरतंतूवरची बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. त्यावर पहिला उपाय म्हणजे संपूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही. तशात रेटून गायलं तर तंतूवर कायमचा व्रण राहू शकतो. बाहेरून मात्र माणूस ठणठणीत दिसतो. मग लोक म्हणतात, "घसा बसला म्हणून प्रयोग सोडला? आमच्या वेळी…" असो.

आणि काही वेळा शरीराचा काहीच दोष नसतो. जानेवारी 2005, ब्रॉडवेवर 'विकेड' ही संगीतिका. नायिका इडिना मेन्झेलचा शेवटून दुसरा प्रयोग. रंगमंचाच्या जमिनीत एक सरकता भाग होता, तो वेळेआधीच खाली गेला आणि ती त्या भोकातून खाली कोसळली. बरगडीला तडा. तिची बदली कलाकार शोशाना बीननं तो प्रयोग पुरा केला. दुसऱ्या दिवशी मेन्झेलचा निरोपाचा प्रयोग होता. लोकांनी तिच्यासाठीच तिकिटं काढली होती. भूमिका बीननंच केली, पण शेवटच्या प्रवेशात मेन्झेल आली. रंगभूषा नाही, वेशभूषा नाही, अंगात लाल ट्रॅकसूट. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. तिनं मान राखला आणि बरगडीही राखली.

त्याच शहरात डिसेंबर 2010 मध्ये स्पायडरमॅनच्या संगीतिकेत क्रिस्टोफर टियर्नी हा कलाकार खाली पडला, कारण त्याची सुरक्षादोरी अडकवलेलीच नव्हती. कवटी, बरगड्या, मणके, सगळ्याला इजा. पुढच्या वर्षी तो परतला, पण ही काही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगायची नाही. ही एका न अडकवलेल्या दोरीची गोष्ट आहे.

आता जरा नाजूक भाग. बालगंधर्वांची गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय. 1911, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि तरी ते उभे राहिले. ऐकताना आजही पोटात कालवतं. पण ही गोष्ट आपण कशी सांगतो? आदर्श म्हणून. तिकडे ऑपेरा गायिका जॉइस डिडोनाटो, 2009, लंडन. 'बार्बर ऑफ सेव्हिल'चा पहिलाच प्रयोग, पाय घसरला, नडगीशेजारचं हाड मोडलं. ती कुबडी घेऊन शेवटपर्यंत गायली आणि पुढचे प्रयोग व्हीलचेअरवर बसून केले. 2015 मध्ये रॉक गायक डेव्ह ग्रोल स्वीडनमध्ये मंचावरून पडला, पाय मोडला, आणि परत येऊन त्यानं कार्यक्रम संपवला.

मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण डिडोनाटोला बसून गाता आलं, ग्रोलला बसून गिटार वाजवता आली. नर्तकानं काय बसून नाचायचं? आणि ग्रोलच्या पुढच्या काही तारखा रद्द झाल्याच, ते आपण गोष्ट सांगताना गाळतो. मोडक्या पायाला टाळ्या मिळतात हे विंगेतला प्रत्येक नवा पोरगा बघत असतो. उद्या त्याचा गुडघा सुजला की तो सांगणार नाही. वेदनाशामक गोळी घेईल आणि उभा राहील. गोळीनं दुखणं थांबतं, दुखापत थांबत नाही. "आता थांब" असं सांगणारा शरीराचा एकमेव आवाज तेवढा बंद होतो.

इंग्रज नट इयान मॅकेलन जून 2024 मध्ये लंडनला चालू प्रयोगात मंचावरून पडले. वय 85. मनगट मोडलं, मणक्याला इजा झाली. भूमिका जाड्या माणसाची होती, अंगावर जाड खोटं पोट होतं, त्यानं वाचवलं. पुढचे प्रयोग त्यांचे बदली नट डेव्हिड सेमार्क यांनी केले. आणि नंतर मॅकेलन काय म्हणाले? आपल्यामुळे अख्ख्या संचाची निराशा झाली, याची आपल्याला शरम वाटते. पंच्याऐंशीव्या वर्षी पडलेल्या माणसाला शरम!

प्रयोग थांबता कामा नये, हे मलाही मान्य आहे. पण तो चालू ठेवायची एक यंत्रणा असते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अंडरस्टडी म्हणजे नाटकात स्वतःचं छोटं काम करून मोठी भूमिकाही पाठ असलेला. स्टँडबाय म्हणजे फक्त वाट बघणारा. आणि सगळ्यात अचाट प्राणी म्हणजे स्विंग. याला पाच-सहा, कधी आठ भूमिका येतात. संवाद तर सोडाच, कुठल्या ओळीला कुणाच्या डावीकडून निघायचं हेसुद्धा. डिसेंबर 2021 मध्ये ब्रॉडवेवरच्या 'द म्युझिक मॅन' या संगीतिकेची नायिका सटन फॉस्टर आजारी पडली. कॅथी व्हॉइटको ही स्विंग. तिला दुपारी बाराला कळलं की आज नायिका तू. एक वाजता त्या भूमिकेची तिची पहिली तालीम आणि रात्री प्रयोग. शेवटी नायक ह्यू जॅकमननं तिला पुढे घेतलं आणि हे सगळं प्रेक्षकांना सांगितलं.

अशा बदलीच्या गोष्टीत आपण तारा उगवताना बघतो. 1954 मध्ये 'द पजामा गेम' या संगीतिकेत कॅरोल हेनीचा घोटा दुखावला, तिच्या जागी शर्ली मॅक्लेन उभी राहिली, सिनेमावाल्यांनी तिला हेरलं. सगळ्यांना पाठ आहे. पण हेनीचं काय झालं, हे कधी विचारलंत? ती परत आली, त्याच भूमिकेसाठी तिला टोनी हा ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार मिळाला. घोटा बरा होईपर्यंत तिची जागा कुणी हिसकावली नाही. बदली कलाकार तयार असण्याचा खरा फायदा तो.

छोट्या संस्थांकडे हे सगळं नसतं. दुसरा माणूस तयार ठेवायचा तर त्याला पैसे द्यायचे, तालमी द्यायच्या. तिथे एकाचा घोटा म्हणजे सगळ्यांचा प्रयोग. मग तो नट लंगडत उभा राहतो आणि आपण म्हणतो, आज रंगला नाही बुवा.

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. पहिली दहा मिनिटं मी तिची तुलनाच करत बसले होते. मग कधी विसरले कळलं नाही. शेवटी ती टाळ्या घ्यायला पुढे आली, वाकली, आणि पायघोळ झग्याच्या काठाला चार सेफ्टी पिना चमकल्या. झगा दुसरीच्या मापाचा होता. अडीच तास ती त्यात नाचली होती, आणि त्या पिना मला तेव्हा पहिल्यांदा दिसल्या.