काळी रेघ आणि एक रंग

(पडद्यावर: काळा, वहीएवढा संगणक. करड्या रबरी कळा. शेजारी कॅसेट प्लेयर. कर्कश आवाज.)

हा आवाज बिघाडाचा नाही. कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेला खेळ या जुन्या संगणकात लोड होतोय.

टीव्हीच्या कडेनं निळे-पिवळे पट्टे धावतायत आणि मधल्या पांढऱ्या जागेत काळ्या रेघा उमटतायत. त्याही एकाखाली एक नाहीत. एक इथं, दुसरी आठ ओळी सोडून खाली, आणि मधल्या फटी मागाहून भरत जातात. अर्धं मिनिट असंच जातं. चित्र पूर्ण होतं, पण काळं-पांढरं. मग शेवटच्या चार-पाच सेकंदांत वरून खाली रंग ओघळत येतात.

आधी शाई, मागून रंग. कॉमिक्स काढणाऱ्याचा हात याच क्रमानं चालतो. पण हे यंत्र कार्टूनसाठीच जन्माला आलंय, हे खेळ बनवणाऱ्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ गेला.

(पडद्यावर: संगणकाचं नाव, जवळून.)

झेडएक्स स्पेक्ट्रम. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीनं एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याचा परवान्यानं बनवलेला भाऊ 'डीबी स्पेक्ट्रम' या नावानं विकला जायचा.

इतक्या स्वस्तात रंगीत संगणक द्यायचा, तर कुठंतरी हात आखडता घ्यावा लागणारच. तो घेतला रंगांत. पडद्यावर आडवे २५६ ठिपके, उभे १९२. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा तर मेमरी पुरेना. मग आठ बाय आठच्या ७६८ चौकटी पाडल्या आणि नियम केला: एका चौकटीत रंग दोनच. एक शाईचा, एक कागदाचा. त्याच्या 'बेसिक' या संगणकभाषेतल्या आज्ञांची नावंसुद्धा हीच, इंक आणि पेपर. अख्खं चित्र ६,९१२ बाइटांत बसतं. सकाळी फोनवर येणाऱ्या 'शुभ सकाळ'च्या एका फोटोत अशी डझनभर तरी मावतील.

ज्यांनी दोसुतीवर भरतकाम केलंय, त्यांना घरं मोजून टाके घालायची सवय असते. इथंही तेच. फक्त आठ घरांच्या चौकोनात दोराच दोन रंगांचा.

चित्र स्थिर असेल तर भागतं. पात्र चालायला लागलं की पंचाईत. पिवळा नायक हिरव्या झाडापुढून गेला की दोघांपैकी एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. झाड पिवळं पडतं, नाहीतर नायकाचं डोकं हिरवं होतं. याला म्हणतात अ‍ॅट्रिब्यूट क्लॅश. त्या पिढीतल्या पोरांना हा दोष वाटायचाच नाही. पडदा असाच असतो, अशी त्यांची समजूत.

काहींनी सरळ रंगावर पाणी सोडलं. १९८४ चा 'नाइट लोर' हा खेळ बघा. खोलीला खोली उघडत जाते, त्रिमितीचा भास अप्रतिम, पण एका खोलीला रंग एकच. देखणा आहे, कबूल. पण रंगीत संगणक घेऊन एकरंगी खेळायचं, हे मला तरी पटत नाही.

(पडद्यावर: चौकटीची वही, पेन्सिल.)

दुसरी वाट धरली डॉन प्रिस्टली यांनी. मूळचा शिक्षकी पेशा. १९८५ मध्ये त्यांचा 'पॉपाय' हा खेळ आला, १९८६ मध्ये 'द ट्रॅप डोअर'. बाकीच्यांची पात्रं बोटाच्या पेराएवढी, यांची पडद्यावर हातभर. युक्ती कागदावर बघू.

ही आपली गणिताची चौकटीची वही. आठ घरं आडवी, आठ उभी. यात खरा डोळा काढून बघा. पापणी, भुवई, बुबुळ, सावली. चौसष्ट घरांत चिखल होतो. आता कार्टूनचा डोळा काढा. कागद पांढरा ठेवा, भोवती काळी गोल रेघ, मध्ये चार काळे ठिपके. झाला डोळा, आणि तो तुमच्याकडे बघतोयही. रंग किती लागले? दोन.

कार्टून म्हणजे काळी रेघ आणि आत एक सपाट रंग. स्पेक्ट्रमची चौकट म्हणजे एक शाई आणि एक कागद. प्रिस्टलींनी पात्राची कड चौकटीच्या कडेशी जुळवली, म्हणजे शेजारच्या रंगाशी भांडणच नको. 'ट्रॅप डोअर' ही मुळात मातीच्या बाहुल्यांची टीव्ही मालिका. तिच्यातला तो गोलमटोल बर्क, वरच्या मजल्यावरच्या धन्यासाठी नाही नाही ते रांधणारा, स्पेक्ट्रमवर उतरला तो नाकाडोळ्यांसकट.

आणि आता हॅगर.

१९८९ चा 'फायनल फाइट' हा कॅपकॉम कंपनीचा व्हिडिओ गेम पार्लरमधला खेळ. पार्लरमध्ये 'मुस्तफा' या खेळावर पैसे उडवलेल्यांना ही जात सांगायला नको. चालत जायचं आणि समोर येईल त्याला हाणायचं. हॅगर हा शहराचा महापौर, आणि पूर्वाश्रमीचा कुस्तीगीर. १९९१ मध्ये तो स्पेक्ट्रमवरही आला. पण मूळच्या चित्रात दंडाचा पीळ दाखवायला रंगाच्या पाच-सहा छटा. इथं तेवढ्या आणायच्या कुठून?

पुढे १९९३ मध्ये कॅपकॉमनंच निन्टेंडोच्या आठ-बिटी यंत्रासाठी या खेळाचा बाळबोध अवतार काढला, 'मायटी फायनल फाइट'. डोकी भोपळ्याएवढी, पाय आखूड, हॅगरच्या मिशा चेहऱ्याभर. तोच अवतार हौशी मंडळींनी २०१८ मध्ये १२८ किलोबाइट मेमरीच्या स्पेक्ट्रमवर उतरवला. यंत्र बाजारातून जाऊन पंचवीसेक वर्षं झालेली. पीळ नाही, सावली नाही, आणि तरी मारामारीत कोण कुणाला हाणतंय ते लांबून कळतं. राग दाखवायला दोन भुवया पुरतात, डोकं मोठं असलं की त्या दिसतातही.

(पडद्यावर: स्पेक्ट्रमच्या कानात घातलेली वायर. दुसरं टोक मोबाइलला.)

आता कॅसेट कुणाकडे आहे? खेळाची फाइल फोनवर आवाज म्हणून वाजवायची, वायर संगणकाच्या 'इअर' खाचेत. आवाज पूर्ण मोठा. निळे-पिवळे पट्टे, काळ्या रेघा. मिशा उमटल्या. आता रंग येणार, एवढ्यात फोन टिंग करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचंतरी 'जेवलास का?'

पडद्यावर एकच ओळ: 'आर टेप लोडिंग एरर.'

फोन एअरप्लेन मोडवर. पुन्हा पहिल्यापासून.