खुब्याचं दुखणं आणि पेगचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पस्तीस-चाळिशीचा माणूस जेवायला खाली बसतो. उजवी मांडी नीट पडते, डावा गुडघा मात्र जमिनीपासून वीतभर वरच राहतो. जांघेत कळ येते, ती मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. मोटारसायकलवर टांग टाकताना दुखतं. घरचे म्हणतात, सायटिका असेल. मग मालिश होतं, कमरेला पट्टा येतो, गुडघ्याचा एक्स-रे निघतो. गुडघ्यात काही सापडत नाही, कारण दुखणं गुडघ्याचं नसतंच. ते खुब्याचं असतं. आणि ‘रोज किती घेता?’ हा प्रश्न तोवर कुणी विचारलेलाच नसतो.

दारूनं लिव्हर जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाडं जातात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. या चेंडूला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या बारीक असतात, हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. त्या अडल्या तर रक्ताला दुसरी वाट जवळजवळ नाही. सतत भरपूर दारू पोटात गेली की हाडाच्या मगजात चरबी साठते, चरबीच्या पेशी फुगतात. हाड काही फुग्यासारखं ताणत नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो, बारीक वाहिन्या दबतात आणि चेंडूचा एक भाग रक्ताविना मरतो. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, दवाखान्यात तुम्ही ‘एव्हीएन’ ऐकाल. मेलेलं हाड काही काळ भार पेलतं. शरीर ते कुरतडून काढायला लागतं, तेव्हा ते कमजोर होतं आणि एक दिवस चालता चालता कूर्चेखाली, म्हणजे चेंडूवरच्या गुळगुळीत आवरणाखाली, खचतं. गोल चेंडू चपटा होतो, पाय किंचित आखूड पडतो, माणूस लंगडू लागतो.

किती दारू म्हणजे जास्त? इथे हिशेब नीट करू या. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. आणि ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, चार पेग. आर्को या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या निकषानुसार, सहा महिन्यांहून जास्त काळ आठवड्याला ३२० ग्रॅमच्या वर अल्कोहोल घेणाऱ्याचा एव्हीएन हा दारूशी जोडला जातो. रोज एक क्वार्टर म्हणजे आठवड्याला ४२० ग्रॅम. अर्थात ३२० च्या आत सगळं सुखरूप, असा याचा अर्थ काढू नका.

जांघेतलं दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिला एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीला तो नॉर्मलच येतो. एमआरआयमध्ये कळतं, आणि तो दोन्ही खुब्यांचा करायचा, कारण बऱ्याच जणांत दुसरी बाजूही बिघडलेली असते. स्टेरॉइडची औषधं घेतली असतील तर तेही सांगा, एव्हीएनचं ते आणखी एक मोठं कारण. चेंडू खचण्यापूर्वी निदान झालं, तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते. ती प्रत्येक वेळी यशस्वी होतेच असं नाही. खचल्यावर मात्र बहुतेकदा सांधा बदलावा लागतो, आणि पस्तिशीत बसवलेला कृत्रिम सांधा आयुष्यभर पुरेल याची खात्री कुणी देत नाही. म्हणून हे पहिले काही महिने इतके मोलाचे.

एव्हीएन थोड्यांना होतो. हाडं विरळ होणं हे त्याहून सरसकट, आणि त्यात दुखत काहीच नाही. आपल्या सांगाड्यात रोज जुनं हाड काढणं आणि नवं भरणं चालू असतं. दारूमुळे नवं हाड भरणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. काढणाऱ्या पेशींचं काम थांबत नाही, म्हणजे खात्यात जमा कमी, खर्च तेवढाच. त्यात लघवीवाटे मॅग्नेशियम जातं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं. यकृत आणि स्वादुपिंड बिघडले, तर ड जीवनसत्त्व ना नीट शोषलं जात, ना नीट वापरात येत. जेवणाच्या जागी चकणा आला की कॅल्शियमही गेलं. मग झोक जाऊन पडलं की बरगडी, मनगट किंवा खुबा मोडतो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार.

यात आशेची गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. दारू सुटली की नवं हाड घडवणाऱ्या पेशी काही आठवड्यांतच पुन्हा कामाला लागल्याचं रक्ततपासणीत दिसतं. घनता भरायला मात्र वर्षं लागतात. प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, ग्लासभर दुधात अडीचशेच्या जवळपास. रोज भाकरी, दूध किंवा दही, तिळाची चटणी, आणि चालणं. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढ्याच.

पण रोज भरपूर पिणाऱ्यानं घरीच एका दिवसात दारू तोडू नये. थरथर, घाम, झटके, भ्रम असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६, फोन मोफत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

घरच्यांसाठी एक शेवटचं. खुबा मोडून माणूस दवाखान्यात भरती होतो, लाजेपोटी दारूचं कुणी बोलत नाही. ऑपरेशन होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बरळू लागतो, सलाइन ओढून काढतो, मोडलेल्या पायावर उठायला बघतो. घरच्यांना वाटतं, भूल उतरली नाही. ती बहुधा दारू अचानक तुटल्याची लक्षणं असतात, शेवटच्या घोटानंतर ४८ ते ९६ तासांत येणारी. आधी कळलं, तर डॉक्टर बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि योग्य औषधं वेळेवर सुरू करतात. तेव्हा भरती करतानाच सांगा: रोज किती, किती वर्षं, आणि शेवटची कधी, तारीख आणि वेळ. केसपेपरवर ते लिहिलं गेलंय का, तेही बघा.

नमस्कार.